पाण्याखालची खूण

धाकटी जाऊ समुद्राच्या तळाशी फिरून आली आणि घरच्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पूर आला. बुडालेलं जहाज काय, रंगीत प्रवाळ काय, नाकाला घासून जाणारे मासे काय! माझ्या अंगात सकाळपासून कणकण, ह्यांना सांगूनही झालेलं, आणि हात खरकट्या भांड्यांत. जळफळाट होणार नाही तर काय?

तेवढ्यात तिचाच फोन.

"मासे कसले बघतेय, वहिनी! खाली जोडीदारावर लक्ष ठेवायचं, असा तिथला नियम. हा आपला सारखा समोर येऊन हाताने खूण करून विचारायचा, 'बरी आहेस ना?' वैताग नुसता!"

फोन ठेवून मी हॉलमध्ये डोकावले. मोबाइलमधून मान वर न काढता आमच्या ह्यांनीही हाताने खूण केली.



चहाची.