चष्मा हरवलेला उंदीर

“कसं लागलं?” असं डॉक्टरांनी विचारलंच नाही.

ढब्बूच्या आईने वाटेभर उत्तर घोकलं होतं. मुलाच्या कपाळावर दाबलेला नॅपकिन लाल होत चालला होता आणि ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत होती. आमच्या बिल्डिंगचं लोखंडी फाटक रुळावर सरकतं. ढब्बू त्याच्या खालच्या पट्टीवर उभा राहतो. मी ढकलते. तो खिदळतो. आज फाटक रुळावरून उतरलं, गचकन कललं आणि याचं कपाळ खांबावर आपटलं. ‘मी ढकलते’पाशी आली की ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची.

डॉक्टरांच्या हाताला गुण होता. त्यांनी घातलेल्या टाक्यांची खूण राहत नाही, असं सगळे सांगत. आणि ते कुठल्या आईला बोल लावत नाहीत, हेही सांगत.

“आई, हात धरा त्याचा,” डॉक्टर म्हणाले.

“फाटक ना... फाटक असं...” ढब्बू हुंदके देत सांगू लागला.

“श्श! फाटक राहू दे तिकडे. तुला चष्मा हरवलेल्या उंदराची गोष्ट ठाऊक आहे का?”

ढब्बूला ठाऊक नव्हती. उंदराने कपाट उपसलं, गादी झटकली, शेवटी हिंमत करून मांजरालाही विचारलं. चष्मा होता नाकावरच. ढब्बू फिसकन हसला, तोवर शेवटचा टाका घालून झाला होता.

“डॉक्टर, खरं सांगायचं तर माझंच...”

“अहो, मुलं आहेत, पडणारच. मनाला लावून घेऊ नका.”

तिच्या छातीवरचा धोंडा उतरला. त्या माणसाच्या पाया पडावं, असं तिला वाटलं.

घरी सासूबाईंनीही हसण्यावारी नेलं. “याच्या बापाच्या गुडघ्यांवर इतके व्रण होते, की नकाशासारखे बघून रस्ता सापडला असता!” समोरच्या दारातून चिमीची आई धावत आली. “अगंबाई! एवढं कसं हो लागलं?”

ढब्बूच्या आईने तोंड उघडलं. ‘मी ढकलते’ पुन्हा आडवं आलं.

“पडला खेळताना,” ती म्हणाली. “मुलं पडणारच. डॉक्टरच म्हणाले.”

त्यानंतर तिने घरातल्या टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला. फिनेलची बाटली माळ्यावर टाकली. फाटकातून जाताना ती ढब्बूचं मनगट इतकं घट्ट धरायची, की तो कुरकुरायचा. फाटकाबद्दल मात्र तिने कुणाकडे चकार शब्द काढला नाही. काढला असता, तर पुढचा प्रश्न आलाच असता. वॉचमनने दोघांना हाताशी धरून ते उचललं आणि पुन्हा रुळावर बसवलं. ते सरकू लागलं. सगळं जिथल्या तिथे झालं.

ढब्बूच्या कपाळावरची खूण पुसट झाली, त्याच सुमाराला फाटक पुन्हा उतरलं. या वेळी ते आख्खं आडवं झालं. शाळेतून आलेली चिमी त्याला लोंबकळत होती. ती बाजूला उडाली, पण तिचा एक पाय खाली राहिला.

लोकांनी फाटक उचलून धरलं. ढब्बूच्या आईने चिमीला बाहेर ओढलं, कडेवर घेतलं आणि तशीच ती दवाखान्यात शिरली. मागून चिमीची आई. तिच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

डॉक्टरांनी पाऊल पाहिलं आणि नर्सला मोठ्या हॉस्पिटलला फोन करायला सांगितलं. “हाडांचा चुरा झालाय. ऑपरेशन लागेल. गाडी येईपर्यंत मी पाय बांधून ठेवतो.”

“मुलं पडणारच, नाही का हो?” चिमीची आई रडत रडत ढब्बूच्या आईचा दंड धरून विचारत होती. “तुम्हीच म्हणाला होतात ना? बरं होईल ना सगळं?”

चिमी ओठ चावत बोलू लागली, “काका, ते फाटक आधीपासूनच हलत होतं...”

“श्श, बाळा. बोलू नकोस. तुला चष्मा हरवलेल्या उंदराची...”

“डॉक्टर, तिला बोलू द्या!”

ढब्बूच्या आईचा आवाज इतका चढला, की नर्सच्या हातातला फोन तसाच राहिला. चिमीने सांगितलं. चाक कसं निसटलं, फाटक कसं अंगावर आलं, सगळं सांगितलं. मग कुणी न विचारता ढब्बूची आई म्हणाली, “ढब्बूलाही त्या फाटकानेच लागलं होतं. मीच ढकलत होते.”

इतके दिवस न निघालेलं वाक्य किती छोटं होतं! चिमीच्या आईचं रडणं थांबलं. तिने ढब्बूच्या आईचा दंड सोडला.

आता डॉक्टरांनी तरी बोलावं, चांगलं खडसावावं, म्हणून ढब्बूची आई वाट पाहत होती. डॉक्टरांनी बँडेजची शेवटची पट्टी चिकटवली. हात धुतले. मग ते स्टुलावर हळूच टेकले.

“निळं फाटक ना?” त्यांनी विचारलं.

“हो, पण... तुम्हाला कसं माहीत?”

“तुमच्या आधीच्या वॉचमनची मुलगी. ढब्बूच्याही आधी आली होती, हनुवटी फोडून घेऊन. ‘निळं फाटक हलतं, निळं फाटक हलतं,’ सारखं तेच सांगत होती.” त्यांनी चिमीच्या केसांवर ठेवलेला हात मागे घेतला. “मी तिलाही उंदराची गोष्ट सांगितली.”