कवळ्या काढल्यावर

वॉली डॅनिलुकनं तोंडातली कवळी काढून कागदी रुमालावर ठेवली, तसे टेबलाभोवतीच्या लोकांचे घास हातातच राहिले. बर्फावरची हॉकी खेळून दात घालवलेले पुरुष आमच्या गावात घरटी एक तरी आहेत. कवळी बाहेर आली की मारामारी ठरलेली, हे शाळेतल्या पोरांनाही कळतं.

समोर त्याचा होणारा व्याही बसला होता, लिओनेल पिकार. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉलीची लारिसा आणि लिओनेलचा ल्यूक यांचं लग्न. आदल्या संध्याकाळचं जेवण क्लबाच्या हॉलमध्ये होतं आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर आमच्या संघाचा सामना नुकताच संपला होता. पाहुण्या संघाच्या एका धटिंगणानं आमच्या लिंडस्ट्रॉमला मागून धडक देऊन कठड्यावर आपटलं होतं. आमच्या एका खेळाडूनं हातमोजे फेकले आणि त्या धटिंगणाचं नाक फोडलं. रेफरीनं आमच्या माणसाला बाहेर बसवलं, तेवढ्यात पाहुण्यांनी गोल केला, आणि आम्ही हरलो.

"नाक फोडलं म्हणून हरलो," लिओनेल म्हणाला. "मी पहिल्यापासून सांगतोय, रेफरीवर सोडावं."

"तुझ्या कॉफीत कोणी थुंकलं तरी तू शिट्टीची वाट बघत बसशील," वॉली म्हणाला. "मार खाऊन रेफरीकडे बघणारा माणूस मी माणसात धरत नाही."

लिओनेलनं शाळेच्या सामन्यांत कितीतरी वर्षं शिट्टी वाजवली होती. आमच्या संघाच्या सामन्यात मारामारी सुरू झाली की अख्खं स्टेडियम उठून उभं राहायचं आणि हा एकटा खाली बसून मान हलवायचा. वॉलीचे दोस्त त्याला चर्चमधल्या ननसारखं तोंडावर 'सिस्टर लिओनेल' म्हणत आणि तोही हसून सोडून देई. त्या संध्याकाळी मात्र तो हसला नाही. त्यानं शांतपणे आपलीही कवळी काढली, वॉलीच्या कवळीशेजारी ठेवली आणि दाराकडे बोट दाखवलं.

दोघं बाहेर गेले. अशा वेळी मागून कोणी जायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. लोकांनी उरलेले पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, संपवले आणि मागच्या दारानं घर गाठलं.

बाहेर मुठी वळल्या, एवढ्यात लारिसाची गाडी आवारात शिरली. आई गेल्यापासून वॉलीनं तिला एकट्यानं वाढवलं होतं. उद्या तिला हाताला धरून चर्चमध्ये न्यायचं, यापलीकडे त्याला आयुष्याकडून काही नको होतं. आणि दोघांचे स्वभाव ओळखून पोरीनं आठवडाभर आधीच बजावलं होतं, "हॉकीवरून हातापायी केलीत, तर मी एकटी चालत जाईन. हात उचलणारा शेवटच्या बाकावर बसेल."

तेव्हा वळलेल्या मुठी उघडल्या आणि एकमेकांच्या खांद्यावर गेल्या. लारिसानं काच खाली करून विचारलं, "सगळं ठीक ना?" दोघांनी ओठ घट्ट मिटून माना डोलावल्या. ती खूश होऊन निघून गेली.

दोघंही मग त्या खांद्यावरच्या हातांना लाजले. हसता हसता तासभर पायरीवरच बसले, आणि आत आले. टेबल लख्ख पुसलेलं होतं. कागदी रुमाल, ताटल्या आणि उरलंसुरलं पिशव्यांत भरून गावाबाहेरच्या उकिरड्यावर रवाना झालं होतं. सकाळी उजाडताच दोघं वॉलीच्या ट्रकमधून तिथे गेले, तर त्या पिशव्यांपाशी एक अस्वल बसून जेवत होतं. त्याचं होईपर्यंत दोघं काचा लावून थांबले. मग हात काळे होईपर्यंत शोधलं. एकही दात सापडला नाही.

दुपारी चर्चच्या पायऱ्यांवर फोटोवाला म्हणाला, "हसा."

सवयीनं दोघंही हसले.

लारिसानं एका तोंडाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे. "कवळ्या काढल्या होत्यात."

"काढल्या, पण मारामारी झाली नाही गं पोरी," वॉली काकुळतीला आला. "शपथ घेतो. त्या कचऱ्यात गेल्या. मग तिथे अस्वल..."

"कवळ्या काढून काय केलंत, गप्पा मारल्यात?" तिनं आपला हात त्याच्या हातातून सोडवून घेतला. "मी एकटी जाते."

वॉलीचा चेहरा असा पडला की लिओनेलला तो बघवेना. बिचाऱ्यानं नवा सूट शिवला होता.

"थांब, लारिसा," लिओनेल म्हणाला. "तुझ्या बापानं हात उचलला नाही. मी मारलं त्याला."

पायऱ्यांवर उभे असलेले वॉलीचे दोस्त वळून बघू लागले.

"तुम्ही?"

"मी. मागून."

लारिसाला ते लगेच पटलं. आयुष्यात खोटं न बोललेल्या माणसाचा हा एक फायदा असतो. "शेवटच्या बाकावर," ती म्हणाली.

लिओनेल निघाला. दोस्तांनी बाजूला सरून त्याला वाट दिली, एकानं तर टोपी काढली. 'सिस्टर' कोणी म्हटलं नाही. त्या शेवटच्या बाकाकडे तो जितका ताठ चालत गेला, तितका आम्ही त्याला कधी पाहिला नव्हता.

हे साफ खोटं आहे, असं सांगायला वॉलीनं तोंड उघडलं. लारिसाचा हात त्याच्या हातापासून वीतभर लांब होता.

"आणि तू, बाबा?" तिनं विचारलं. "तू त्याला काय केलंस?"

वॉलीनं दोस्तांकडे पाहिलं. सगळे कान देऊन ऐकत होते. मग त्यानं त्या हाताकडे पाहिलं.

"काही नाही," तो म्हणाला. "रेफरीवर सोडलं."