अठ्ठेचाळीस हरकती

"तुमच्याच पाड्याच्या अठ्ठेचाळीस हरकती आहेत, ताई," साहेबांनी फाइल पुढे सरकवली. "साकव मंजूर व्हायचा कसा?"

अंगणवाडीच्या जयवंतीबाई चाटच पडल्या. ओढ्यावरच्या या साकवासाठी त्या पाच वर्षं अर्ज करत होत्या. पाड्यातली पोरं पावसाळ्यात पलीकडच्या अंगणवाडीत पोचायची तर दुसरी वाटच नव्हती. पर्यावरणाच्या जनसुनावणीला अख्खा पाडा त्यांनीच तालुक्याला ओढून आणला होता. तिथल्या वहीत एकच रकाना होता : 'हरकत'. त्याखाली प्रत्येकानं, बाईंनी गिरवून घेतलं होतं तसं, ठसठशीत लिहिलं होतं : 'नाही'.

"साहेब, वाचा की! हरकत, नाही."

"मी वाचलं हो. पण कारकुनानं ओळी मोजल्या आणि आकडा वर कळवला. आता हरकती रीतसर मागे घ्याव्या लागतील."

"घेतल्याच नाहीत, त्या मागे कशा घ्यायच्या?"

"त्याचा छापील अर्ज आहे ना!" साहेब एकदम खुलले. "मग महिन्याची नोटीस, मग फेरसुनावणी. पंधरा जुलै धरा. नियमानं ती प्रकल्पाच्या जागीच होते, तेव्हा या खेपेला मी स्वतः तुमच्या पाड्यावर येतो."

जयवंतीबाईंनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"साहेब, वजन किती तुमचं?"

"का हो?"

"जुलैत ओढा दुथडी भरलेला असतो. पोरांना मी पातेल्यात बसवून पार करते. पंधरा किलोच्या वरचं त्यात अजून कुणी बसलेलं नाही."