शून्यावरची सुई

बहिणीच्या लग्नाहून संगणक सांभाळणारी गझाला कामावर परतली तेव्हा महागावच्या कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात चहा वाटणं चालू होतं. कारण संगणकाच्या पडद्यावर होतं. तिथे जीपच्या मीटरसारख्या दोन तबकड्या होत्या. वरची इंटरनेट किती वापरात आहे ते सांगायची आणि खालची, बाहेरून किती चोर दार ठोठावतात ते. गझाला रजेवर गेल्यापासून खालची सुई शून्यावरून हललीच नव्हती. दिवाणजी मारोतरावांना हा आपल्याच हातगुणाचा प्रताप वाटत होता, आणि येईल त्याला ते तो ऐकवत होते.

गझालाने चहा घेतला नाही. ती सुई नेहमी थोडी तरी थरथरायची. इंटरनेटची वायर काढू या, ती म्हणाली.

मारोतराव हसले. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग थेट सडकेला लागली होती. बोंडअळीचं साल. अर्धा कापूस किडीने खाल्लेला, उरलेला लोकांनी जिवापाड जपून आणलेला. वजनकाटा नेटवर, आणि आज दुपारी शेतकऱ्यांचे हंगामातले पहिले चुकारे, म्हणजे कापसाचे पैसे, सुटायचे होते तेही नेटवरूनच. वायर काढली की सगळी रांग पलीकडच्या जिनिंगला वळणार. त्यांनी तिला आधी समजावलं, मग दटावलं.

“काका, वावरात जागलीले गेलेला गडी रातभर एकदाही वरडला नाही, त डुकरं आले नाही असं नसते. गडी झोपला असते.”

“आन् तुह्यं खोटं निघालं त?”

“त उद्यापासून मी येत नाही. पन त्या लोकायचे खातेनंबर यात हायेत.”

हे बोलणं सोपं नव्हतं. घरची चूल तिच्याच पगारावर पेटायची. तिला भीती वाटली, आणि तरीही टेबलाखाली वाकून तिने वायर ओढली.

वजनकाटा बंद पडला. बाहेर गलका झाला. रांगेतला पहिला शेतकरी, श्रावण, गाडी तशीच सोडून आत आला.

पडद्यावरची वरची सुई मात्र ढिम्म होती. वायर गझालाच्या हातात लोंबत होती आणि सुई म्हणत होती, इंटरनेट जोरात चालू आहे. मारोतरावांनी पडद्यावर टिचकी मारून पाहिली. काही हललं नाही. कोणीतरी केव्हाच आत शिरलं होतं, चोरांवर नजर ठेवणाऱ्या संगणकातल्या राखणदाराला बंद करून त्याच्या जागी खोटं चित्र तेवढं पडद्यावर ठेवून दिलं होतं.

“माह्या चुकाऱ्याचं काय?” श्रावणने विचारलं.

“अजून कोनाचेच सोडले नाही, भाऊ. दुपारी सोडले असते त गेले असते चोराच्या घरी.”

मारोतराव खुर्चीत बसले. त्यांनी पडद्यावरच्या त्या शून्यावर बोट ठेवलं.

“मंग इतके दिवस हे काय दाखवून राह्यलं होतं मले?”

“तुमाले जे पाह्याचं होतं ते, काका,” गझाला म्हणाली.