ओटीपोटातले तीन खडे

माणसाने रोगांवर कायमचा विजय मिळवला होता. उरली होती फक्त रिपोर्टची भीती. एका सकाळी कमोडनेच तपासून सांगितलं, "कुमुदिनीताई, ओटीपोटाच्या शिरांमध्ये तीन खडे आहेत."

खडे काळजाकडे सरकतील या धास्तीने त्या आठवडाभर कुळथाचं कढण प्यायल्या. पुढचं निदान कमोडला जमेना, म्हणून नियमाप्रमाणे त्यांना तालुक्यातला एकमेव हाडामांसाचा डॉक्टर मिळाला.

डॉ. सामंतांनी पोट दाबून पाहिलं. "काकू, वयाने बऱ्याच जणांच्या शिरांत होतात असे. जागचे हलायचे नाहीत ते. निर्धास्त राहा."

"काढून बाटलीत द्याल? शेजारच्या नलूने तिचे जुने खडे शोकेसमध्ये ठेवलेत."

"तिचे मूतखडे होते. हे राहू द्या."

अकरा वर्षांनी कुणीतरी हात लावून तपासलं होतं. कुमुदिनीताईंनी डोळे पुसत डॉक्टरांचे आणि खड्यांचेही आभार मानले.

डॉक्टरांना स्वतःला असे पाच खडे होते.