किंचाळणारे ब्रेक

एमेटचा मुलगा लायल, लायलचा गॅरेट आणि गॅरेटचा हा वेस्ली. या घराण्यातल्या एकाही पुरुषाने गाडी हळू चालवली नाही. लायल माझा नवरा. शर्यतीहून परतताना त्याच्या ब्रेकची किंकाळी टेकडीच्या वळणावरूनच ऐकू येई आणि मी त्याला दारातच फैलावर घेई. एका रविवारी ती ऐकू आलीच नाही. त्या दिवशीची बोलणी माझ्याकडेच राहिली, आणि तेव्हापासून टेकडी गप्प आहे.

काल वेस्ली आपल्या मस्टँगसाठी ब्रेक-पॅडचे दोन संच घेऊन आला.

“आजी, हे शर्यतीचे. पकड जबरदस्त, पण डुकरासारखे किंचाळतात. ते दुसरे मुके. मुकेच बसवतो! आजोबांच्या ब्रेकवरून तू किती तोंड सोडायचीस, ते बाबांनी सांगितलंय.”

“किंचाळणारे बसव.”

“शेजारी पोलीस बोलावतील!”

“कुठले शेजारी? या टेकडीवर माझ्याशिवाय राहतं कोण?”

पॅड बसवून तो चाचणीसाठी खाली गेला. थोड्या वेळाने वळणावर तीच किंकाळी उठली. मी दारात उभी राहिले आणि वेस्ली उतरताच त्याला मनसोक्त फैलावर घेतले. लायलची त्या रविवारची बोलणी मी पुरती चुकती केली.