वरच्या खोलीचे प्रकरण

"गुरुवारच्या वाचनगटात वाचल्या जाणाऱ्या भयकादंबरीमुळे रहिवाशांच्या मनात अकारण भीती निर्माण झाली असून, त्यांच्या मनःशांतीसाठी सदर वाचन तत्काळ बंद करण्यात येत आहे." वृद्धाश्रमाच्या फलकावर लागलेल्या या निवेदनात एकच शब्द पारखून घेण्यासारखा होता. अकारण.

बाकीचे शब्द निकालात काढायला फारशी विद्वत्ता लागत नव्हती. भीती म्हणावी, तर गटातल्या शिंपीकाकांना कादंबरीतल्या भुतिणीपेक्षा तिच्या कपड्यांचीच अधिक काळजी. "इतकी वर्षं एकाच झग्यात हिंडतेय बिचारी, कोणी शिवण तरी घालून द्या तिला," असे ते म्हणत आणि गट हसे. मनःशांती म्हणावी, तर ज्या दिवाणखान्यात कोणी पाहत नसताना टीव्ही दिवसभर कोकलत असे, तिथे आठवड्यातून एकदाच माणसे एकमेकांकडे तोंड करून बसत. इमारतीत शांती होती ती तेवढीच, आणि नेमकी तीच शांतीच्या नावाखाली बंद होणार होती.

वाचून दाखवीत त्या बाई. हयातभर महाविद्यालयात साहित्य शिकवलेल्या. आश्रमात सगळे त्यांना नुसते बाई म्हणत. मध्यंतरी काही आठवडे त्या नव्हत्या, भाचीकडे गेल्याचे कचेरीतून कळले होते. परतल्या त्या बऱ्याच वाळून, आणि आल्याआल्या त्यांनी हा गट काढला. कादंबरी गेल्याच्या गेल्या शतकातली. गढीसारखे घर, पोरकी मुलगी, तिचा गोडबोल्या काका, तळघर, डोळे हलवणारी तसबीर.

"असल्या कादंबरीत घर हेच खरं पात्र असतं," बाईंनी पहिल्याच दिवशी बजावले होते. "माणसांचं सोडा. भिंतींकडे लक्ष ठेवा."

ठपका होता तो एका प्रकरणावर. चष्मा कपाळावर सरकवून, मांडीवरच्या उघड्या पुस्तकावर तळहात ठेवून बाईंनी ते ऐकवले. घरातल्या म्हाताऱ्या आत्याबाईंनी जेवणाबद्दल चारचौघांत तक्रार केली. काकाने त्यांना विश्रांतीसाठी वरच्या खोलीत हलवले. कडी बाहेरून. कडीचे स्क्रू नवे, पिवळेधमक. रोज एक चमचा औषध, आणि ओरडणाऱ्याला दुसरा चमचा. म्हणून आत्याबाई ओरडत नाहीत. भिंतीतून खाली जेवणघरात उतरणाऱ्या पाइपवर त्या अंगठीने टकटक करतात. खाली सगळे जेवत असतात. कोणी मान वर करत नाही. चौकशी करणाऱ्याला सांगितले जाते, नातलगांकडे गेल्या आहेत.

त्या दिवशी कोणी हसले नाही. गट पूर्णही नव्हता. गटातले घड्याळजी, ज्यांना भेटायला सहसा कोणी फिरकत नसे, त्याच आठवड्यात पुतण्याकडे गेल्याचे कळले होते.

दुसऱ्या दिवशी जेवताना शिंपीकाकांचा घास हातातच राहिला. "आपलाही पाइप वाजतो हो. अगदी ठेका धरून."

"काका, पाइपात हवा भरते," व्यवस्थापक हसून म्हणाले. संध्याकाळी निवेदन लागले.

बाईंनी ते मानायला नकार दिला. तेव्हा, हे खूळ सर्वांसमक्ष मोडावे या हिशेबाने, व्यवस्थापकांनी नातेवाइकांच्या भेटीच्या दिवशीच सभा बोलावली आणि आश्रमाच्या विश्वस्तांनाही आणले. विश्वस्त म्हणजे निवृत्त न्यायाधीश. दिवाणखाना लेकीसुनांनी, जावयांनी भरलेला.

"साहित्याला आमचा विरोध नाही, साहेब," व्यवस्थापकांनी सुरुवात केली. "पण वय झालेल्या माणसांना असलं काही झेपत नाही."

"वय झालेल्यांना काय झेपतं, ते ठरवायची घाई वय न झालेल्यांनाच का असते?" बाईंनी विचारले.

"नाहीतर काय. आमचा जावई मला खारा शेंगदाणासुद्धा झेपत नाही म्हणतो," शिंपीकाका म्हणाले. जावई खाली बघू लागला.

न्यायाधीशांनी हात वर केला. "नावाजलेला ग्रंथ आहे. भीती वाटते एवढ्यावर बंदी घालता येणार नाही. दुसरा काही आधार?"

व्यवस्थापक या प्रश्नाचीच वाट पाहत होते. त्यांनी बाईंच्या मांडीवरचे पुस्तक आदराने उचलून न्यायाधीशांपुढे ठेवले.

"याची दुसरी प्रत मिळवून मी अख्खी वाचली, साहेब. यात आत्याबाई नाहीत. वरची खोली नाही. औषध नाही. तुम्हीच पाहा."

न्यायाधीश पाने चाळू लागले.

"बाई खोटं बोलतात असं मी म्हणणार नाही," व्यवस्थापक पुढे म्हणाले. आवाजात कणव होती, आणि ती चांगली घोटलेली होती. "भ्रम होतो. या वयात होणारच. नसलेलं वाचतात, दुसऱ्यांना ऐकवतात. शिक्षा नको. काही दिवस विश्रांती द्यावी, एवढीच विनंती."



"बाई, पान सांगा ना," शिंपीकाका अजिजीने म्हणाले. "पान सांगितलं की झालं."

न्यायाधीशांनी पुस्तक मिटले. "हे प्रकरण यात खरंच नाही. तुम्हाला काही म्हणायचंय?"

बाई उठल्या. कपाळावरचा चष्मा त्यांनी डोळ्यांवर घेतला, आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणाऱ्या आवाजात कबुली दिली. ती सभेच्या इतिवृत्तात शब्दशः नोंदली आहे:

"मान्य आहे. या पुस्तकात ती खोली नाही. ती या घराच्या वरच्या मजल्यावर, गाद्यांच्या कोठारामागे आहे आणि आत्ता तिथे घड्याळजी आहेत. मला भाची नाही."